गुण किती दिवसांत येतो?

जानेवारी उजाडला की औषधांच्या दुकानांत एक ठरावीक संवाद ऐकू येऊ लागतो. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असतात, सराव परीक्षेत मुलगी कुठेतरी अडखळलेली असते आणि काउंटरपाशी उभी असलेली आई विचारते, "स्मरणशक्तीसाठी काही चांगलं आहे का? आणि गुण किती दिवसांत येतो?" दुकानदार फळीवरून सिरपची बाटली काढून पुढे ठेवतो आणि पंधरा दिवसांत फरक दिसेल असे सांगून टाकतो. या साऱ्याला भाबडेपणा म्हणून निकालात काढणारे पुष्कळ आहेत. आम्हाला मात्र त्या आईचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा शहाणा वाटतो. एखादी वस्तू मेंदूवर किती वेळात काम करते हे कळले, की ती नेमके काय करते याचाही बराच अंदाज येतो.

सर्वांत लवकर गुण देणारी गोष्ट बाटलीत नव्हे, कपात असते. चहा-कॉफीतले कॅफीन अर्ध्या ते एक तासात रक्तात पुरते चढते. थकव्याची आणि झोपेची जाणीव करून देणारे ॲडेनोसिन मेंदूत जिथे चिकटते, त्या जागा कॅफीन अडवून बसते. तरतरी येते, प्रतिक्रिया जलद होते, लक्ष टिकते. हा परिणाम खरा आहे, मोजता येण्याजोगा आहे. रात्रपाळीची परिचारिका किंवा लांबच्या पल्ल्याचा चालक त्याचा आधार घेत असेल, तर त्यात गैर काही नाही.

मात्र तरतरी वेगळी आणि स्मरण वेगळे. शरीरातले निम्मे कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाला घेतलेली कॉफी पहाटे तीनला अर्धी शिल्लकच असते. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, आणि जागरणाचा वेळ नेमका त्याच झोपेतून कापला जातो. मोठ्यांनी हा सौदा समजून-उमजून करावा. मुलांबाबत आपल्याकडचे नियमच सावध आहेत: कॅफीनयुक्त पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ती मुलांसाठी नाहीत असे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकू न देण्याची घोषणा राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत केली होती. टपरीवर गणवेशातली मुले काय पीत उभी असतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

ब्राह्मीची गोष्ट अगदी उलटी आहे. घराघरांत तिच्यावर विश्वास आहे आणि त्या विश्वासाला प्रयोगशाळेचा थोडा आधारही आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातल्या बॅकोसाइड या घटकांवर दीर्घकाळ काम केले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांवर चाचण्या घेतल्या. २००१ मधल्या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. एकीत ३०० मिलिग्रॅम अर्काची एकच मात्रा देऊन दोन तासांनी परीक्षा घेतली. खोटी गोळी घेतलेल्यांत आणि यांच्यात काही फरक आढळला नाही. दुसरीत ४६ जणांना रोज तितकाच अर्क किंवा खोटी गोळी बारा आठवडे दिली आणि पाचव्या व बाराव्या आठवड्यात तपासले. शिकण्याचा वेग आणि स्मरण यांतली सुधारणा ठळकपणे दिसली ती बाराव्या आठवड्यात. २००२ मध्ये चाळिशी ते पासष्टीतल्या ७६ जणांवर तीन महिन्यांची आणखी एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष वेगळा निघाला. शिकण्याचा वेग वाढला नाही, पण नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण कमी झाले.

तेव्हा जानेवारीत उघडलेल्या बाटलीचा हिशेब एप्रिलमध्ये लागतो. तोवर पेपर देऊन झालेले असतात आणि उरते ती निकालाची वाट.

वैद्यांना या उशिराचे नवल वाटणार नाही. चरकाने मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, म्हणून सांगितलेली चार रसायने (मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क) रसायन म्हणून घ्यायची आहेत, आणि रसायन हा झटपट उताऱ्याचा प्रकार नव्हे. काश्यपसंहितेत सुवर्णप्राशनाचे, म्हणजे मुलांना सोने चाटवण्याचे, फळ सांगितले आहे तेही महिन्याच्या आणि सहा महिन्यांच्या मुदतीने. पंधरा दिवसांचा वायदा ग्रंथांचा नाही, बाजाराचा आहे, असे एखादा वैद्य म्हणाला तर ते मान्यच करावे लागेल. त्यांचा आणखी एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. रुग्णाचा अग्नी, त्याचे पथ्य, अनुपान हे सारे बाजूला ठेवून सगळ्यांना एकच कॅप्सूल द्यायची आणि सरासरी काढायची, याने या उपचाराची खरी परीक्षा होते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पुरते उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

दुसरीकडे, हाच युक्तिवाद उलटाही फिरतो. संहितेतले सुवर्णप्राशन रोजचे आहे. आज गावोगावच्या शिबिरांत ते पुष्य नक्षत्राच्या दिवशी, म्हणजे सत्तावीस दिवसांतून एकदा, दोन थेंब असे दिले जाते. ग्रंथाची मुदत घ्यायची आणि ग्रंथाची मात्रा सोडायची, हे परंपरेच्याच कसोटीवर टिकत नाही.

वनस्पतीच्या ओळखीचा घोळही आहेच. आपल्याकडे बाजारात ब्राह्मी म्हणून जी जुडी मिळते, तिची पाने पुष्कळदा गोल, कडेला दातेरी आणि देठाशी खाच असलेली असतात. ती मंडूकपर्णी. वरच्या चाचण्यांतली ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची, फिकट फुलांची बॅकोपा, जिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. शंखपुष्पीच्या नावाखाली तर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती चालतात. मंडूकपर्णी निरुपयोगी आहे असे यातून सिद्ध होत नाही. चरकाच्या यादीत तिचेच नाव पहिले आहे. पण बॅकोपाच्या बारा आठवड्यांचा दाखला तिच्या बाटलीवर चिकटवता येत नाही.

संशयवाद्यांचे म्हणणे याहून मूलगामी आहे. त्याच धर्तीचा कागद दुसऱ्यांदा सोडवला की कोणाचेही गुण थोडे वाढतात, म्हणून चाचण्यांत खोट्या गोळीचा गट लागतो. घरात तसा गट नसतो. बाटली सुरू झाली त्याच दिवसांत मुलीने उजळणीही वाढवलेली असते, मोबाइल आईच्या कपाटात गेलेला असतो, भिजवलेले बदाम सुरू झालेले असतात (त्यांना मात्र कोणी मुदत विचारत नाही). सुधारणेचे श्रेय कोणाला द्यायचे? शिवाय बहुतेक चाचण्या मोठ्यांवरच्या आहेत, छोट्या आहेत. ऑस्ट्रेलियातच सहा ते चौदा वर्षांच्या, लक्ष न लागणाऱ्या आणि अतिचंचल मुलांवर चौदा आठवड्यांची एक चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. वर्तनाच्या मुख्य निकषांवर ब्राह्मी आणि खोटी गोळी यांत फरक निघाला नाही, झोपेसारख्या काही दुय्यम बाबतींत थोडा फायदा दिसला. ज्याच्यासाठी बाटली विकत घेतली जाते तो पंधरा-सोळा वर्षांचा निरोगी मुलगा या संशोधनात जवळपास कुठेच नाही.

वयस्करांच्या बाबतीत चित्र आणखी कोरडे आहे. गिंको या झाडाच्या अर्काची अमेरिकेत पंचाहत्तरीच्या पुढच्या ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षे चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. इतक्या लोकांवर, इतका काळ आणि इतक्या काटेकोरपणे परीक्षा झालेली पूरके फार थोडी आहेत, त्यामुळे हा नकार वजनदार ठरतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग सगळेच थोतांड. तसे नाही, आणि आमचा कल कुठे आहे ते इथे सांगितले पाहिजे. काही पूरके खरोखर काम करतात, बऱ्यापैकी लवकरही करतात. अट एवढीच की ती वस्तू शरीरात कमी असायला हवी.

लोहाचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आहे. दुपारच्या तासाला डोळे मिटणारी, जिना चढताना धापा टाकणारी, वाचलेले डोक्यात राहत नाही म्हणून रडणारी मुलगी आळशी ठरवली जाते, आणि तिच्यासाठी जे सिरप येते त्यात नेमके लोहच नसते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात शाळकरी मुलींवर एक चाचणी झाली. या मुलींना रक्तक्षय झालेला नव्हता, फक्त लोहाचा साठा कमी होता. आठ आठवडे लोहाच्या गोळ्या घेतलेल्या मुलींची शब्द शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची कामगिरी खोटी गोळी घेतलेल्यांपेक्षा सरस ठरली. एकाग्रतेच्या कसोट्यांत मात्र फरक पडला नाही. ७३ मुलींची छोटीच चाचणी, तेव्हा तिच्यावरही फार भार टाकू नये. पण गोळी सुरू केल्यावर आठवड्याभरात नव्या रक्तपेशी वाढू लागतात, काही आठवड्यांत हिमोग्लोबिन चढते आणि साठा भरायला तीनेक महिने जातात, हे वेळापत्रक डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवातले आहे. आणि ही गोळी शाळेत फुकट मिळते, आठवड्यातून एक, निळ्या रंगाची. पोटात मळमळते म्हणून पुष्कळ मुली ती दप्तरात टाकून विसरतात, किंवा घरी चहाबरोबर घेतात. चहाने लोह कमी शोषले जाते. जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर बाधतही कमी आणि लागूही पडते.

बी-१२चेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तिची भर पडते. आजोबा विसराळू झाले, पायांना मुंग्या येतात, ते वयाचेच असे घरचे धरून चालतात. कमतरता असेल आणि इंजेक्शने वेळेवर सुरू झाली, तर रक्तातला बदल आठवड्याभरात दिसतो. मज्जातंतूंना आणि स्मरणाला सावरायला आठवडे-महिने लागतात. फार उशीर झालेला असेल तर सगळे परत येतेच असे नाही. ज्याच्या रक्तात बी-१२ पुरेसे आहे त्याला तेच इंजेक्शन देऊन बुद्धी वाढत नाही.

याही बाजूला खर्च आहे. सरसकट सगळ्यांच्या तपासण्या करा म्हटले की प्रयोगशाळांची पॅकेजे फोफावतात आणि किंचित कमी आकडा पाहून घाबरलेली माणसे गरज नसलेली औषधे घेत बसतात. लोहाची गोळी निष्पाप नाही. ज्यांच्या शरीरात लोह साठून राहते अशांना ती घातक ठरू शकते, आणि घरात लहान मूल असेल तर ती त्याच्या हाताला लागता कामा नये. गावात बी-१२ची तपासणी सहजासहजी होत नाही आणि तिचा खर्च सिरपच्या बाटलीपेक्षा जास्त येतो. म्हणून बाटली हा काहींना स्वस्त आणि हातातला पर्याय वाटतो, आणि तसे वाटण्यात मूर्खपणा नाही. तरीही हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यातही पाहून मिळते. लक्षणे असलेल्या मुलीसाठी आधी तेवढे करावे आणि नंतर बाटलीचा विचार करावा, हा क्रम आम्हाला अधिक न्याय्य वाटतो.

कायदा याबाबत अर्धवट जागा आहे. औषध नियमावलीच्या 'अनुसूची जे'मध्ये जे दावे औषधाने करू नयेत त्यांत मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावाही आहे. पूरक म्हणून विकली जाणारी वस्तू मात्र अन्नाच्या नियमांत बसते. तिच्यावर औषधी वापरासाठी नाही असे बारीक अक्षरात छापले की काम भागते, मग वर पुस्तकावर वाकलेल्या मुलाचे चित्र असले तरी चालते. बंदी घाला म्हणणाऱ्यांचा राग समजतो. पण बंदीने ब्राह्मीच्या वड्या थांबणार नाहीत, फक्त बिनलेबलाच्या होतील. त्यापेक्षा वेष्टनावर तीन गोष्टी सक्तीने छापाव्यात: वनस्पतीचे शास्त्रीय नाव, अर्काचे प्रमाण, आणि किती आठवड्यांच्या वापरानंतर कोणत्या वयाच्या माणसांत परिणाम तपासला गेला आहे. बारा आठवडे, प्रौढ व्यक्ती, एवढे वाचूनही ज्याला बाटली घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी.

उरतो प्रश्न जूनपासूनच सुरुवात करणाऱ्या घरांचा. त्यांच्याकडे वेळ आहे, त्यामुळे जानेवारीतला आक्षेप त्यांना लागू नाही. त्यांना ब्राह्मी देऊन पाहायचीच असेल तर वैद्याला विचारून, जेवणाबरोबर द्यावी. पोट बिघडणे आणि मळमळ हे तिचे नेहमीचे त्रास आहेत. मूल आधीच दुसरी औषधे घेत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. सप्टेंबर संपेपर्यंत घरच्यांना आणि मुलालाही काही जाणवले नाही, तर पुढची बाटली आणू नये.