विश्लेषण : केनियाला व्हिसा नको, मग ‘यलो कार्ड’ का हवे?

जुलै ते ऑक्टोबर हा केनियातील मसाई मारा अभयारण्यातील सर्वाधिक गर्दीचा काळ. टांझानियातील सेरेंगेटीतून आलेले लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे याच दिवसांत मारा नदी ओलांडतात. हे दृश्य पाहण्यासाठी मुंबई-पुण्यातूनही पर्यटकांचे गट जातात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द केल्याने ही सहल सोपी झाली, असा अनेकांचा समज आहे. मात्र खरी अडचण केनियात शिरताना नव्हे, तर भारतात परतताना येऊ शकते.

व्हिसा नाही, म्हणजे थेट विमानात बसायचे?

नाही. व्हिसाऐवजी आता ‘ईटीए’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी घ्यावी लागते. केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि सुमारे ३० डॉलर शुल्क भरायचे. किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, फोटो, विमान आणि राहण्याचा तपशील लागतो. लहान मुलांसाठीही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. परवानगी साधारण तीन दिवसांत मिळत असली, तरी ऐनवेळी कागद कमी पडू नये म्हणून दोन-तीन आठवडे आधीच अर्ज केलेला बरा. अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी आणि जादा पैसे घेणारी खासगी संकेतस्थळेही आहेत, त्यामुळे पत्ता तपासून घ्यावा.

‘यलो कार्ड’ कोण मागते?

पिवळ्या तापाच्या (यलो फीव्हर) लसीच्या प्रमाणपत्राला ‘यलो कार्ड’ म्हणतात. थेट भारतातून येणाऱ्यांकडे केनिया ते मागत नाही, कारण भारतात हा आजार नाही. ते मागतो भारत, आणि तेही परत येताना. केनिया पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. प्रमाणपत्र नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. डासाने चावा घेतल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून ही मुदत.

भारत इतका कडक का?

पिवळा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास भारतात घरोघरी आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा डास. विषाणू तेवढा अजून आलेला नाही. एका बाधित प्रवाशामार्फत तो आला, तर इथल्या बहुतांश लोकसंख्येत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. या आजारावर नेमके औषधही नाही. लस हाच बचाव आहे.

लस कधी आणि कुठे घ्यावी?

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होते. उद्या विमान आणि आज लस, असे चालत नाही. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते, त्यामुळे जुने कार्ड असल्यास पुन्हा लस नको. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य विभागाची केंद्रे आहेत. जाताना पासपोर्ट हवाच. ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस असल्याने साठीपुढील व्यक्ती, गर्भवती, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वैद्यकीय कारणाने लस टाळलेल्यांनीही परतल्यावर विलगीकरणाची शक्यता गृहीत धरावी. आई-वडिलांना सोबत नेणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच हे पाहावे.

मलेरियाचे काय?

त्यावर यलो कार्डचा उपयोग नाही. सुमारे १,८०० मीटर उंचीवरील नैरोबीत मलेरियाचा धोका कमी आहे. मोम्बासाची किनारपट्टी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात तो जास्त आहे. सफारीला जाणाऱ्यांनी प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे. जुलैत नैरोबीतील पहाटे थंड असतात, त्यामुळे स्वेटर लागतोच.

बॅग भरताना काय पाहावे?

प्लास्टिक पिशव्या नकोत. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. शिक्षा ४० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद अशी आहे. जून २०२० पासून अभयारण्ये आणि समुद्रकिनाऱ्यांवर एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. चिवडा-चकली डब्यांत भरावी. प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर लागतो. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नये.

खर्चाचा अंदाज कुठे चुकतो?

मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. जानेवारी ते जूनमध्ये ते १०० डॉलर असते. पॅकेजमध्ये हे शुल्क धरले आहे का, हे लेखी विचारावे. सेरेंगेटीही करायचे असल्यास टांझानियाचा वेगळा व्हिसा लागतो. शिवाय केनियातून येणाऱ्यांकडे टांझानियाही यलो कार्ड मागतो. केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा १०० डॉलरचा संयुक्त पर्यटन व्हिसा आहे, पण त्यात टांझानिया नाही.

थोडक्यात, सहलीच्या तयारीचा क्रम महत्त्वाचा. आधी डॉक्टरांचा सल्ला, मग लस, त्यानंतर ईटीए. आणि यलो कार्ड चेक-इन बॅगेत नव्हे, पासपोर्टसोबत हातात ठेवावे. परतताना ते विमानतळावरच दाखवावे लागते.