नाशिक उलटं केलं की किशान

पायथनमध्ये ‘नाशिक’ ही स्ट्रिंग उलटी करा. उत्तर येतं ‘किशान’. पहिलीतलं पोर ‘कशिना’ म्हणेल, आणि तेच बरोबर असेल. लांबी विचारा. पायथन म्हणतो ५. पोर म्हणेल ३: ना, शि, क.

पायथन खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे युनिकोडच्या क्रमांकांची रांग, आणि त्या रांगेत काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण अशा प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे. म्हणून ‘त्र्यंबक’ची लांबी ८ भरते. त्याची लिस्ट केली की अनुस्वार एका खणात एकटाच जाऊन बसतो.

चुकतात ते शिकवणारे. क्लासात काय, यूट्यूबवर काय, मी एकच वाक्य ऐकत आलोय: ‘लांबी म्हणजे अक्षरांची संख्या.’ उदाहरण कायम ‘हॅलो’ किंवा ‘अ‍ॅपल’. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत पहिल्याच शब्दाला उघडं पडतं, म्हणून मराठी शब्द फळ्यावर येतच नाही.

‘नोकरी इंग्रजीत करायची, मराठीचं काय घेऊन बसलात?’ हा ठरलेला सवाल. नोकरी इंग्रजीत असेल हो, पण फॉर्म भरणाऱ्याचं नाव मराठी आहे. जागा वाचवायला तुम्ही पहिले दोन कॅरॅक्टर घ्याल आणि ‘त्र्यंबक’चं नुसतं ‘त्’ उरेल. गावं-देवळांची लिस्ट सॉर्ट कराल, तर ‘काळाराम’ ‘कावनई’च्या आधी येईल. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच पुढे. सॉर्ट करताना पायथन फक्त क्रमांक बघतो.

मराठी नको? मग इमोजी घ्या. बाबा, आई आणि मुलगी असा एकच इमोजी पायथन ५ मोजतो. म्हणजे प्रश्न एकट्या मराठीचा नाहीच. ‘अक्षर’ कशाला म्हणायचं, हाच स्ट्रिंगचा मूळ धडा आहे. स्विफ्ट ही भाषा ‘नाशिक’ची लांबी सरळ ३ सांगते. म्हणजे ५ हे उत्तर काही दैवी नाही. कुणीतरी तसं ठरवलंय, एवढंच.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या या शहरात मराठीचे गोडवे गायले जातात. खुशाल गा. पण त्याच आठवड्यात एखाद्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पहिली स्ट्रिंग म्हणून ‘त्र्यंबक’ लिहा, आणि ८ खरे की ३, यावर पोरांना भांडू द्या. त्या भांडणात स्ट्रिंगही कळेल आणि मराठीही.