खाडा कोणी भरून द्यायचा?

सिडनी शहराच्या पश्चिमेला पॅरामॅटा येथे १८३१ साली स्थापन झालेली ‘द किंग्ज स्कूल’ ही शाळा आहे. लष्करी थाटाचा गणवेश, विस्तीर्ण हिरवी मैदाने आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रग्बी युनियनचा खेळ ही तिची ओळख. हिवाळ्यातील शनिवारी अशा शाळांचे सामने पाहायला पालक आणि माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने जमतात. त्या गर्दीत अलीकडे आणखी एक वर्ग दिसतो. तो शाळेचा जयजयकार करीत नाही. वही काढून मुलांच्या धावण्याची, उंचीची, खांद्यांची नोंद करतो. हे असतात रग्बी लीग या प्रतिस्पर्धी खेळाच्या व्यावसायिक क्लबांचे पारखी.

सामोअन वंशाचा जोसेफ-आउकुसो सुआली हा मुलगा याच शाळेचा विद्यार्थी. २०२० साली त्याला सतरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्याच्या भवितव्यावर ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरत होते. एकीकडे युनियनची राष्ट्रीय संघटना, दुसरीकडे लीगचे साऊथ सिडनी आणि सिडनी रूस्टर्स हे क्लब, अशी तिहेरी ओढाताण चालली. अखेर रूस्टर्सची सरशी झाली. अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज खेळाडूला वरिष्ठ संघात उतरविता येऊ नये, असा लीगचा नियम होता. २०२१ मध्ये त्याच्यासाठी या नियमाला अपवाद करण्यात आला. पुढे २०२३ मध्ये युनियनने त्याला परत आणण्याचा करार केला. तीन वर्षांसाठी सुमारे ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, असा आकडा तेथील वृत्तपत्रांनी छापला. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर तो ऑस्ट्रेलियाकडून पहिला सामना खेळला आणि त्याच्या संघाने इंग्लंडला ४२-३७ असे हरविले.

कथा सुखान्त आहे आणि त्या तरुणाच्या गुणवत्तेविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न त्याचा नाहीच. मुलांच्या रक्षणासाठी केलेला नियम सर्वांत गुणी मुलाच्या वेळीच वाकतो, तेव्हा तो कोणाचे रक्षण करतो, हा खरा प्रश्न आहे. तो समजण्यासाठी एका खेळाचे दोन खेळ कसे झाले, हे पाहिले पाहिजे.

गिरणी कामगाराचे सहा शिलिंग

भारतीय वाचकाला रग्बी हा परका खेळ वाटतो. तथापि इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी लढतात, तो ‘कलकत्ता कप’ आपल्याच भूमीत घडला आहे. कोलकात्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतील शिल्लक २७० रुपये चांदीच्या नाण्यांच्या रूपाने काढून, ते वितळवून हा चषक घडविण्यात आला. झाकणावर हत्ती आणि मुठींच्या जागी नाग असलेली ती भारतीय कारागिरी आहे. हा खेळ जिथे इंग्रज साहेब गेला तिथे गेला; परंतु तो साहेबांच्या शाळांचा खेळ होता आणि साहेबांनीच त्याचे नियम ठरविले होते.

त्यांतील मुख्य नियम म्हणजे खेळासाठी पैसा घ्यावयाचा नाही. वरवर पाहता हा आदर्श निष्काम वाटतो. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत काम करणारे होते. शनिवारी अर्धा दिवसही काम असे. सामन्याला जायचे तर खाडा पडे आणि मजुरी बुडे. त्यांच्या क्लबांनी एवढेच मागितले की, बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची मुभा असावी. १८९३ मध्ये लंडन येथे हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळण्यात आला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली आणि खाड्याची भरपाई दिवसाला सहा शिलिंग ठरविली. तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा उगम हा असा आहे; पंधरा खेळाडूंचा जुना खेळ रग्बी युनियन म्हणून राहिला.

ऑस्ट्रेलियातही तेच घडले. अलेक बर्डन नावाचा खेळाडू व्यवसायाने न्हावी होता. १९०७ मध्ये राज्याच्या संघाकडून खेळताना तो जायबंदी झाला, हात चालेना, रोजगार थांबला आणि युनियनने भरपाई नाकारली. त्याच वर्षी सिडनीत लीगची संघटना उभी राहिली.

येथे न्याय कोणाच्या बाजूने होता? निःसंशय खाणकामगाराच्या आणि न्हाव्याच्या. ज्याच्या घरी वडिलोपार्जित इस्टेट आहे त्याने त्यागाचा उपदेश करावा आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याने तो ऐकावा, याला आदर्श म्हणत नाहीत. ही उच्चभ्रूंची सोय आहे. ही सोय त्यांनी निष्ठुरपणे राबविली. वेल्समधील जिम सलिव्हन १९२१ मध्ये सतराव्या वर्षी विगनच्या लीग क्लबात गेला. कार्डिफच्या गोदी वस्तीतील कृष्णवर्णीय बिली बॉस्टन १९५३ मध्ये त्याच वाटेने गेला. लीगचा करार करणाऱ्याला युनियनची दारे जन्मभर बंद होत. ज्या मुलाला वेल्सने आपल्या संघात कधी घेतले नाही, त्या बॉस्टनचा पुतळा कार्डिफमध्ये २०२३ साली उभारला गेला आणि ‘सर’ ही पदवी त्याला २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत मिळाली. ज्या शुचितेसाठी हे बहिष्कार घातले, ती युनियनने ऑगस्ट १९९५ मध्ये स्वतःच सोडून दिली आणि खेळ व्यावसायिक केला. शंभर वर्षांचा सोवळेपणा एका ठरावात संपला.

ज्यांच्या दारावर पहाटे थाप पडली

मात्र लीगची बाजू एकदा न्यायाची होती म्हणून ती कायम न्यायाची राहते, असे नाही. खाड्याची भरपाई मागणारा खेळ आता दूरचित्रवाणीच्या हक्कांवर चालणारा प्रचंड व्यवसाय झाला आहे. युनियनची नामांकित विद्यालये ही त्याची आयती रोपवाटिका आहे. शाळेने वाढवावे, शिक्षकाने शिकवावे, आईने पहाटे डबा करून द्यावा आणि फळ धरण्याच्या सुमारास क्लबाने करार पुढे करावा, असा हा व्यवहार आहे.

शाळाही यात निर्मळ नाहीत. शिष्यवृत्तीचे आमिष दाखवून दुसऱ्या शाळेचे खेळाडू पळविण्याचा उद्योग त्याही करतात. २०१८ च्या अखेरीस ऑकलंडमधील दहा शाळांनी अशाच कारणावरून एका श्रीमंत शाळेशी सामने न खेळण्याचा इशारा दिला होता. मुलाला जिंकण्याचे साधन मानणे शाळेने शिकविले, किंमत लावणे क्लबाने शिकविले, एवढाच फरक.

या बाजाराचा सर्वांत मोठा कच्चा माल कोणता? प्रशांत महासागरातील सामोआ, टोंगा या बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुले. ऑस्ट्रेलियाच्या लीगमधील जवळजवळ निम्मे खेळाडू याच वंशाचे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते, म्हणून या कुटुंबांना येऊ दिले. १९७० च्या दशकात मंदी आली तेव्हा हीच माणसे नकोशी झाली आणि मुदतीपेक्षा अधिक राहिल्याच्या संशयावरून पोलीस पहाटे त्यांच्या घरांवर धाडी घालू लागले. या धाडींबद्दल न्यूझीलंड सरकारने २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. ज्यांच्या आजोबांच्या दारावर पहाटे पोलिसांची थाप पडत होती, त्यांच्या नातवांच्या दारावर आता संध्याकाळी क्लबाचा माणूस हसतमुखाने येतो. दोन्ही वेळी कुटुंबाकडे पाहण्याची दृष्टी एकच आहे: या शरीरांचा आपल्याला उपयोग किती?

हे समाज आपल्यासारखेच कुटुंबप्रधान आहेत. तेथे मुलाची कमाई एकट्याची नसते. आईवडील, आजीआजोबा, बेटावर राहिलेले काका, प्रार्थनामंदिराची वर्गणी, सगळ्यांचा तीवर हक्क असतो. ही बांधिलकी श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. परंतु तिचा भार सोळा वर्षांच्या खांद्यावर आला की काय होते? घराचे हप्ते, धाकट्यांची फी, वडिलांची नोकरी सोडण्याची इच्छा, हे सारे त्या मुलाच्या गुडघ्यावर अवलंबून राहते. तो गुडघा दुखावला तर केवळ एका खेळाडूची नव्हे, तर एका घराची कमाई थांबते. आणि यश तर मोजक्यांनाच मिळते. २०२३ पासून या लीगमध्ये सतरा संघ आहेत. प्रत्येकाच्या मुख्य यादीत तीस जण. म्हणजे पाचशेच्या आसपास जागा, त्याही बव्हंशी भरलेल्या. पंधरा-सोळाव्या वर्षी करारात बांधलेली बहुतेक मुले या यादीपर्यंत कधीच पोहोचत नाहीत.

लीगला हे ठाऊक नाही असे नाही. २००८ मध्ये वीस वर्षांखालील खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रत्येक खेळाडूने नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवलेच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. हा दंडक म्हणजे नवा शोध नव्हता. १८९८ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील संघटनेने मानधनाला मान्यता दिली, तेव्हाही खेळाडूने प्रामाणिक रोजगार केला पाहिजे अशी अट होती. १९०५ मध्ये ती काढून टाकण्यात आली. अट घालायची आणि पैसा वाढला की सैल करायची, हा या खेळाचा जुनाच परिपाठ दिसतो. २०१३ नंतर काही तरुण लीग खेळाडूंनी आत्महत्या केल्या, तेव्हा संपूर्ण ऑस्ट्रेलिया हादरला आणि खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचा विचार गांभीर्याने होऊ लागला. विचार आधी व्हायला हवा होता.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने काही अपवाद वगळता अठरा वर्षांखालील खेळाडूंचे परदेशी क्लबांत होणारे स्थलांतर बंद केले आहे, तसेच खेळाडू घडविणाऱ्या लहान क्लबांना मोठ्या क्लबाने भरपाई द्यावी असा नियम केला आहे. रग्बीत ऑकलंडचा मुलगा सोळाव्या वर्षी सिडनीला जाऊ शकतो. आणि युनियन व लीग हे दोन वेगळे खेळ असल्याने, एकाने घडविलेला खेळाडू दुसऱ्याने नेला तर घडविणाऱ्याला काहीच मिळत नाही.

आपल्या अंगणातील प्रश्न

हा दूरदेशीचा विषय आहे, असे समजून स्वस्थ बसण्याची सोय आता आपल्यालाही राहिलेली नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावच्या मातीत खेळणाऱ्या मुलांचा लिलाव दूरचित्रवाणीवर दिसू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारचा वैभव सूर्यवंशी याला क्रिकेटच्या लिलावात १ कोटी १० लाख रुपयांची बोली लागली, तेव्हा त्याचे वय तेरा होते. जून २०२५ मध्ये सहा संघांची रग्बी लीग मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात झाली. कबड्डीपटूला चार पैसे मिळतात, याचा आनंदच मानला पाहिजे. ज्या खेळाडूंनी आयुष्यभर पदके मिळविली आणि उतारवयात मदतीसाठी अर्ज लिहिले, त्यांच्याविषयी हळहळणाऱ्या समाजाने आता पैशाला नाक मुरडणे हा साहेबांचाच ढोंगीपणा ठरेल.

परंतु मर्यादा कोठे असावी, हे आताच ठरवावे लागेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान मुलाला करार करता येत नाही. म्हणजे सही पालकाची असते आणि घाम मुलाचा. त्या सहीपूर्वी पालकांनी आकडा नव्हे, तर तीन गोष्टी विचाराव्यात. शिक्षण पूर्ण होईपर्यंतचा खर्च, मुलगा संघातून वगळला गेला तरी, कराराने बांधलेला आहे काय? दुखापत झाली तर औषधपाणी आणि त्यानंतरचा चरितार्थ कोणाच्या जबाबदारीवर? आणि ज्या शाळेने, ज्या तालमीने, ज्या गावच्या मंडळाने त्याला उभे केले, त्यांच्या मैदानाला यातील काय मिळणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे न देणाऱ्या क्लबाला मुलगा नको आहे, त्याचे पाय हवे आहेत, एवढे ओळखावे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या त्या मल्लाने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. प्राचार्यांनी खाशाबांकडून कोणताही करार लिहून घेतला नव्हता. शिष्याचा खाडा गुरूने आपल्या घरावर ओढून घेतला होता.

प्रत्येक शिक्षकाने घर गहाण टाकावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु खाडा असतोच आणि तो कोणाला तरी भरून द्यावा लागतोच. हडर्सफील्डच्या कामगारांना मजुरीचा खाडा भरून हवा होता. सिडनीच्या, ऑकलंडच्या आणि उद्या कदाचित सांगलीच्या, साताऱ्याच्या मुलांना पडणारा खाडा बालपणाचा आहे. तो भरून देण्याची तयारी ज्यांची नाही, त्यांनी शाळेच्या मैदानावर वही घेऊन येऊ नये.