कागद रद्दीत, चित्र लिलावात

मंडळी, आज जरा भांडायचंय. नातेवाइकांनी आधी चहा घ्यावा आणि मग वाचावं.

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. त्यानंतर त्यांच्या चित्रांचे आकडे चढतच गेले आणि दर वेळी आपली मराठी छाती दोन इंच फुगली. 'आपला गिरगावातला माणूस!' ठीक आहे, फुगू दे. पण त्या गिरगावातल्या माणसाने कुणाला काय पत्रं लिहिली, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये तो काम करत असताना शेजारच्या खोलीत कोण होतं, पहिल्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका कशी होती, हे बघायला कुठे जायचं असं विचारलं की एकदम शांतता.

२००१ साली गायतोंडे गेले. त्यांच्यावर मराठीत जे भरीव काम झालं ते 'चिन्ह'च्या सतीश नाईकांनी अक्षरशः माणसं शोधून, त्यांना बोलतं करून केलं. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमने २०१४ साली गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या कितीतरी आधी. एका माणसाने हट्टाने केलं म्हणून झालं. हट्टी माणूस मिळाला नाही तर? सदानंद बाकरेंचं उदाहरण घ्या. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक. १९५१ ला लंडनला गेले, १९७५ ला परतले ते थेट कोकणात, मुरुड-हर्णैला. २००७ साली गेले. म्हणजे तीस वर्षं हा माणूस दापोली तालुक्यात होता! आपण त्या तीस वर्षांत तिकडे किती वेळा मासे खायला गेलो आणि किती वेळा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो? (मी माशांसाठी. दोनदा.)

आता बडोद्याकडे बघा. तिथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत चित्रकला विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे आपलेच, इंदूरचे मराठी. १९५० ते १९६६ ते तिथे होते. पण बडोद्याचं नशीब असं की तिथल्या लोकांना कागद जपायची खोड होती. ज्योती भट्ट कॅमेरा घेऊन फिरत राहिले, वर्ग, माणसं, तिथला फाइन आर्ट्स फेअर, सगळ्याचे फोटो काढत राहिले. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' नावाचं छोटंसं नियतकालिक चालवलं, त्याचे अंकही टिकले. पुढे हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने ज्योती भट्ट, शेख, रतन परिमू आणि के. जी. सुब्रमण्यन यांचे वैयक्तिक संग्रह स्कॅन करून जगाला खुले केले. आज कुठल्याही गावातल्या मुलीला बडोद्याच्या आधुनिक चित्रकलेवर लिहायचं असेल तर ती घरी बसून सुरुवात करू शकते. तिला सोलापूरच्या किंवा नागपूरच्या चित्रकारांवर लिहायचं असेल तर? आधी त्यांच्या सुनांचे फोन नंबर मिळवावे लागतील.

याचा परिणाम काय होतो हे आपल्या लक्षातच येत नाही. ज्याचे कागद राहिले त्याचाच इतिहास लिहिला जातो. प्रोग्रेसिव्हांबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सूझाने १९४९ च्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेल्या निवेदनाकडे जातो. का? ते छापलेलं होतं, इंग्रजीत होतं आणि कुणीतरी जपलं. त्याच ग्रुपमधले आपले ह. अं. गाडे मात्र बहुतेक लेखांत नावांच्या यादीत शेवटी येतात आणि तिथेच संपतात. चित्रं कमी दर्जाची म्हणून नव्हे. मराठीत बोललेलं, मराठीत लिहिलेलं, आंतर्देशीय पत्रावर खरडलेलं सगळ्यात आधी रद्दीत जातं, म्हणून.

'चित्रकाराची चित्रं बोलतात, कागद कशाला हवेत?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कान किटले. प्रभाकर बरव्यांचं काय? १९९५ साली ते गेले. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वर्षानुवर्षं त्यांनी डायऱ्या लिहिल्या, त्यात रेखाटनं, टिपणं, एखाद्या आकाराचा विचार पुन्हा पुन्हा घासून बघितलेला. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं तेव्हा त्या चित्रांबरोबर होत्या. त्या वाचून चित्रासमोर उभं राहिलं की घड्याळ, पान, डबा हे नुसते चमत्कारिक आकार राहत नाहीत. ते तिथे कसे पोचले ते कळतं. (त्या उद्घाटनात अमोल पालेकरांचं भाषण मध्येच अडवलं गेलं, त्याचीच चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण डायऱ्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.) घरच्यांनी 'जुन्या डायऱ्या, काय करायच्यात' म्हटलं असतं तर?

आणि आता मुद्द्यावर येते. आपल्या आतोबांची ट्रंक.

ग्रुपवर परवा ठरलं म्हणे की घर रिकामं करताना ती रद्दीवाल्याला द्यायची. 'फोटो काढून ठेवू, बाकी काय करायचंय!' अहो, आतोबा जे.जे.मधून शिकून आयुष्यभर हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. ते काही गायतोंडे नव्हते, मान्य. पण त्या ट्रंकेत राज्य कला प्रदर्शनाच्या स्मरणिका आहेत, वर्गमित्रांची पत्रं आहेत, आणि रंग कितीला मिळाले याचा महिन्यावार हिशेब आहे. साठच्या दशकात जिल्ह्याच्या गावी ऑइल रंग कुठून यायचे, पगारातले किती जायचे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून काय करून घेत, हे कुठल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सापडणारे?

मोबाइलने फोटो काढले की झालं, हेही खोटं. मागची बाजू कोण काढतं? पाकीट, त्यावरचा पोस्टाचा शिक्का, म्हणजे तारीख, कोण ठेवतं? आणि तो मोबाइल तीन वर्षांनी कुठे असतो? स्कॅन जरूर करा, पण मूळ कागद फेकायचा परवाना म्हणून नको.

संस्थांवर मात्र माझा राग आहेच. मी एका नावाजलेल्या ग्रंथालयात विचारून आले. 'पुस्तकं घेतो, सुटे कागद घेत नाही.' का, तर नोंद कशी करायची हा प्रश्न! शिवकाळातला सुटा कागद असता तर पायघड्या घातल्या असत्या. १९६२ चा कागद म्हणजे यांना कालचा कचरा वाटतो. साठ वर्षं झाली त्याला!

तर ट्रंक मी नेणार आहे, पुढच्या रविवारी. जागा नाही, तरी नेणार. तोवर कृपा करून कुणी त्यातलं 'आवरून' ठेवू नका. पत्रं ज्या गठ्ठ्यात आहेत त्याच गठ्ठ्यात राहू द्या. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर मी काढीन. सेलोटेप अजिबात लावायची नाही. आणि आत्या, तुला ज्या फोटोंतली माणसं ओळखू येतात त्यांची नावं मागे लिहून ठेव. पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनने नको.