परीक्षकांपुढे उभे राहताना

शाळेचे विज्ञान-प्रदर्शन जवळ आले म्हणजे घरोघरी जी धांदल उडते, ती आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पुठ्ठा, रंग, तारा, सेल यांची खरेदी होते. आईबाप जागरणे करतात. आणि शेवटच्या दोन दिवसांत कोणी वडीलधारे माणूस एक भाषण लिहून देते व ते मुलाकडून घोकून घेतले जाते. परीक्षक समोर आले की मुलगा ते धडाधड म्हणून दाखवितो. परंतु मध्येच त्यांनी एखादा साधा प्रश्न केला, की गाडी अडते, आणि पुष्कळदा त्या बिचाऱ्यास पुन्हा पहिल्या वाक्यापासून प्रारंभ करावा लागतो. ही तयारी खरी तयारी होय काय, याचा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांनी करावा, एवढ्याचसाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

अशी प्रदर्शने आता नवी राहिलेली नाहीत. अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शन १९५० साली फिलाडेल्फिया येथे भरले. आपल्या देशात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९७१ पासून मुलांसाठी राष्ट्रीय प्रदर्शने भरविण्यास आरंभ केला. शाळेतून तालुक्यास, तालुक्यातून जिल्ह्यास व तेथून राज्याच्या प्रदर्शनास जाण्याची वाट त्यामुळे आपल्या सोलापूरच्या मुलांसही मोकळी आहे. या परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत शंभर गुणांची वाटणी दिलेली आढळते, ती पालकांनी अवश्य लक्षात घ्यावी. कल्पकतेस २०, नावीन्यास १५, शास्त्रीय विचारास १५, कारागिरीस १५, उपयुक्ततेस १५, कमी खर्च व टिकाऊपणा यांस १० आणि सादरीकरणास १०. तात्पर्य, ज्या भाषणापायी आपण दोन रात्री खर्ची घालतो, त्याच्या वाट्यास दहा गुण. आणि पहिल्या तीन सदरांत, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या विचाराच्या वाट्यास, पन्नास! हे पन्नास गुण टेबलावर मांडून दाखविता येत नाहीत. ते कोणाचे आहेत हे ताडून पाहण्यास परीक्षकांजवळ प्रश्नावाचून दुसरे साधन नाही. म्हणून प्रश्न हा अडथळा नसून, आपले काम दाखविण्याची ती खरी संधी होय.

एक साधे उदाहरण घेऊ. आमच्या गावचा उन्हाळा कडक व कोरडा. घरोघरी मातीचा माठ असतो. एखाद्या विद्यार्थ्याने ‘माठातील पाणी गार का होते’ हा विषय घेतला, तर तो कोणी सामान्य समजू नये. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि ती बव्हंशी माठातील पाण्यातूनच घेतली जाते. एवढे पुस्तकातही मिळेल. परंतु परीक्षक विचारतील, “वाफेमुळेच पाणी गार होते कशावरून? मातीच्या अंगच्या गुणामुळे होत नसेल कशावरून?” येथे पाठांतर लंगडे पडते. ज्याने सारखे दोन माठ घेतले, एकास बाहेरून तैलरंग फासून त्याची छिद्रे बुजविली, दोहोंत समान पाणी भरून ते एकाच सावलीत ठेवले, आणि आठ दिवस ठरावीक वेळी उष्णतामापक व तराजू लावून आकडे वहीत लिहिले, तो मुलगा डगमगणार नाही. रंगविलेल्या माठाचे वजन जवळजवळ तेवढेच राहिले व त्यातील पाणीही तसे गार झाले नाही, हे तो वहीच उघडून दाखवील. “पावसाळ्यात माठाचा गारवा कमी का?” असे पुढे विचारले, तरी हवा दमट असली म्हणजे वाफ मंद होते, हे त्यास विचाराने सुचेल. या प्रयोगास खर्च किती? दोन माठ आणि आठ दिवसांचा धीर.

याकरिता तयारीचे आमच्या मते तीन नियम आहेत. पहिला असा की, वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि फसलेला प्रयोगही तीत लिहावा. खोडलेले आकडे हे लाजेचे कारण नसून कष्टाचा पुरावा होत. दुसरा असा की, भाषण पाठ न करता आपला प्रयोग निरनिराळ्या माणसांस समजावून सांगावा. आमच्या शहरात कित्येक घरांत तेलुगू, कन्नड वा उर्दू बोलतात. जो मुलगा आपल्या आजीस घरच्या बोलीत प्रयोग समजावू शकतो व तिच्या शंकांस उत्तर देतो, त्यास तो खचित समजला आहे. तिसरा नियम असा की, जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे स्वच्छ सांगावे, आणि ते कसे शोधून काढता येईल याचा विचार करून बोलावे. बनावट उत्तर जाणत्या परीक्षकास तत्काळ ओळखू येते. प्रांजळ उत्तराने मात्र मुलाची किंमत कमी होत नाही.

यावर पालक म्हणतील, “दुसरी मुले बाजारातून तयार प्रतिकृती आणतात आणि बक्षिसे नेतात, आमच्याने मागे का राहावे?” हा प्रश्न अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. चकाकणारी वस्तू पाहून भुलणारे परीक्षकही असतात, आणि प्रामाणिक काम कधी कधी बक्षिसावाचून परत येते. परंतु पालकांनी स्वतः केलेल्या कामावर मुलास बक्षीस मिळाले, तर त्यातून मूल कोणता धडा घेते? दुसऱ्याचे काम आपले म्हणून सांगितले तरी चालते, हाच ना? हा धडा फार महाग पडतो. म्हणून सामान आणून द्यावे, धारदार हत्यार वा विजेचा संबंध असेल तेथे जवळ उभे राहावे, मुलास प्रश्न विचारावे. परंतु त्याच्या हातचे काम काढून घेऊ नये. वाकडे चिकटविलेले पुठ्ठे तसेच राहू द्यावे.

विद्यार्थीमित्रहो, परीक्षक हे तुमचे दोष धुंडाळणारे पोलीस नव्हेत. तुम्ही जे पाहिले ते त्यांनाही पाहावयाचे असते. तेव्हा यंदा टेबलाजवळ उभे राहाल तेव्हा भाषणाचा कागद घरी ठेवून या आणि वही सोबत आणा. कोणी “हे असे का?” म्हणून विचारले, तर घाबरू नका. तोच प्रश्न तुम्ही स्वतःस आधी विचारला असेल, तर उत्तर तुमच्या वहीत आहे. आणि विचारला नसेल, तर पुढल्या वर्षाचा प्रयोग तुम्हांस तेथेच मिळाला.