सात डबे, एकच निळा

1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच सज्ज ठेवले होते. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडहून आल्या, वरचे सांगाडे माटुंग्याच्या कारखान्यात चढले. एक संच रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद राजेशाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. ज्या पुण्यात बी. एस. जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून कोथरूडमध्ये आहे, तिथल्या मॉडेलकारांना या निळ्या संचाचा मोह पडणारच. 1:87 प्रमाणात त्याचा एक डबा जेमतेम वीतभर होतो.

तो रंगवताना खरी परीक्षा चौथ्या डब्याला होते. तिथवर कालवलेला निळा संपलेला असतो, पुन्हा कालवलेला निळा मिळताजुळता वाटतो, आणि सकाळी तीन डबे एका रंगाचे तर चार दुसऱ्या रंगाचे दिसतात. डोळ्याचा अंदाज चुकला असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष अॅक्रिलिक रंगाच्या स्वभावात आहे. या रंगाला धरून ठेवणारे द्रव्य ओले असताना दुधाळ असते. पाणी उडाले की ते काचेसारखे पारदर्शक होते. त्यामुळे पॅलेटवर दिसलेला रंग वाळल्यावर गडद होतो, आणि निळा, तपकिरी, किरमिजी अशा रंगांत हा फरक चांगलाच जाणवतो. ओल्या रंगाला ओला रंग जुळवणे म्हणून फसवे. वाळलेल्या नमुन्याशी वाळलेला नमुनाच ताडून पाहावा लागतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. सातही डब्यांना पुरून उरेल एवढा रंग एकदाच कालवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावा. प्रमाण थेंबांत मोजावे. कालवलेला रंग प्रायमर दिलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून, मागे थेंबांचे आकडे आणि तारीख लिहावी. ट्यूबमधला रंग थेंबाने मोजता येत नाही, तो आधी मीडियममध्ये पातळ करून ड्रॉपरच्या बाटलीत घ्यावा.

पातळ करणे हाच आणखी एक कच्चा दुवा. नुसते पाणी वाढवत नेले की रंगकण धरून ठेवणारे द्रव्य विरळ होते. रंग कडांना गोळा होतो आणि वाळल्यावर बोटाला लागतो. थोडे पाणी चालते, त्यापुढे मीडियमच हवे. एका जाड थराने खिडक्यांच्या चौकटी बुजतात, तीन पातळ थरांनी त्या उठून दिसतात.

पुण्याच्या हवेचे भान इथे ठेवलेच पाहिजे. ऑक्टोबरच्या किंवा मार्चच्या कोरड्या दुपारी पंखा चालू असेल तर रंग ब्रशवरच साय धरतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद, एवढ्या ओल्या पॅलेटवर रंग तासन्‌तास टिकतो. जुलैत उलट होते: थर वरून वाळलेला वाटतो, आत ओला असतो, आणि मास्किंग टेप काढताना सोलून येतो.

दिवाळीच्या तोंडावर मात्र बहुतेकांच्या टेबलावर डब्यांऐवजी मावळे असतात. किल्ल्यावरचा प्लास्टरचा मावळा पाणी शोषतो, म्हणून प्रायमरशिवाय त्याला हात लावू नये. पिवळा आणि भगवा मुळातच कमी झाकतात. फेट्याखाली आधी पांढरट किंवा फिकट गेरूचा थर दिला तर रंग तेजाने उठतो. पिवळ्याची सावली काळ्याने करू नये, तो हिरवट पडतो. तिथे तपकिरीच शोभतो. चेहऱ्याच्या रंगात नुसता पांढरा वाढवला तर मावळा खडूचा दिसतो, त्याला थोडा पिवळा गेरू लागतोच. रुपेरी तलवारीसाठी ब्रश धुण्याचे पाणी वेगळे ठेवावे, नाहीतर त्यातली चमक पुढच्या प्रत्येक रंगात उतरते.

आणि ते पाणी मोरीत ओतू नये. अॅक्रिलिक वाळले की प्लास्टिक होते, आणि या शहराची सांडपाण्याची वाट मुळा-मुठेकडेच जाते. ब्रश आधी चिंधीला पुसावा, मग धुवावा. पाणी भांड्यात उघडे ठेवून आटू द्यावे, तळाशी उरलेली पापडी सुक्या कचऱ्यात टाकावी. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते टाळण्याला सबब नाही.

डेक्कन क्वीनच्या त्या निळ्यासाठी ज्यांनी मिश्रण जमवले असेल, त्यांनी वाळलेला नमुना आणि थेंबांचे प्रमाण या मासिकाकडे पाठवावे. वापरलेला रंग कोणत्या कंपनीचा आणि प्रायमर कोणत्या छटेचा, हेही सोबत लिहावे. येतील तेवढे सगळे नमुने शेजारी-शेजारी मांडून छापले जातील.