नखी घट्ट बसावी म्हणून

सतारीच्या प्राथमिक अभ्यासाविषयीं मागें चार शब्द लिहिले होते. त्यांवर आलेल्या पत्रांपैकीं बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : वाजवितां वाजवितां नखी फिरते, सरकते, कधीं कधीं तर बोटांतून निसटून जाते, उपाय काय? एका भगिनीनें लिहिलें आहे कीं, घरीं पाहुणे बसले असतां तिच्या कन्येच्या बोटांतली नखी उडाली ती थेट आजेसासूबाईंच्या चहाच्या पेल्यांत पडली. सगळ्यांस हंसूं आलें. मुलीनें मात्र त्या दिवसापासून चारचौघांत वाजविण्याचें सोडलें आहे. प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. मासाभर वजनाची ती तार! परंतु ह्याच क्षुल्लक प्रश्नाचें चुकीचें उत्तर मीं माझ्या स्वतःच्या घरांत दिलें, आणि तें माझ्या नातीला भोगावें लागलें. म्हणून या वेळीं ठरविलेला विषय बाजूस ठेवून नखीविषयींच लिहितों.

आमचें बिऱ्हाड चेंबूरला. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें, आणि सतार एक. नात अकरा वर्षांची असून तीन वर्षें शिकत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेस तिला बसवावयाचें होतें. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास विद्यालय काढलें, त्यांच्या शिष्यपरिवारानें १९३१ मध्यें हें मंडळ स्थापिलें, आणि तेव्हांपासून मध्यम स्थितींतल्या घरांतील मुलामुलींच्या संगीताला परीक्षेचें एक वळण लागलें. तें वळण चांगलें कीं वाईट, हा वाद येथें नको. सांगावयाचें तें इतकेंच कीं, परीक्षेची तारीख जवळ आली म्हणजे घरांतील वडील माणसांना एकाएकीं संगीत कळूं लागतें. तसें तें मलाही कळूं लागलें.

मसीतखानी गत ती बरी वाजवी. परंतु लय वाढून "दिर" हा बोल जलद यावयाचा झाला कीं नखी बोटाभोंवतीं फिरे, टोंक तिरपें होई, आणि बोल तुटे. "सैल आहे, दुसरें काय!" असें म्हणून मीं हत्यारांच्या पेटींतून पक्कड काढली आणि नखीचे वेढे दाबून दिले. दोन दिवस ती फिरली नाहीं. तिसऱ्या दिवशीं पुन्हां फिरली. मीं पुन्हां दाबली. मुलगी कांहीं बोलली नाहीं. आजोबांनीं केलें तें बरोबरच असणार, असें तिला वाटलें असावें; आणि तिला तसें वाटावें असेंच आम्हीं वडील मंडळी वागत आलों आहों.

आठ-दहा दिवसांनीं सूनबाईच्या लक्षांत आलें कीं, मुलगी जेवतांना उजव्या हाताची तर्जनी दूर धरून तीन बोटांनीं भात कालविते. बोट पाहिलें तों अग्रापाशीं निळसर झालेलें, आणि टांचणी टोंचली तरी नीट कळेना. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, बोटाच्या दोन्ही कडांनीं बारीक मज्जातंतु जातात. तारेचा वेढा नेमका त्यांवरच बसतो. तीन आठवडे वादन बंद! परीक्षेचें तें सत्र हुकलें. सूनबाईनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तिनें दिला असता तर मला थोडें हलकें वाटलें असतें.

बोलल्या त्या आमच्या वहिनी. त्या माझ्याहून सात वर्षांनीं वडील, आणि घरांतील जुन्या गोष्टी त्यांना माझ्यापेक्षां अधिक आठवतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची स्वतःची सतार कशानें सुटली, तें विसरलांत वाटतें?" मी खरोखरच विसरलों होतों. कॉलेजांत असतांना मीं दोन वर्षें सतार शिकलों, आणि "आपल्या अंगीं तें नाहीं" असें म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवली. वहिनींना आठवत होतें तें माझें बोट. संध्याकाळीं मी तें थंड पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसत असें. पन्नास वर्षें ज्याला मी बुद्धीची उणीव समजत आलों, ती कदाचित् एका तारेच्या वेढ्याची चूक होती, हें मला त्या दिवशीं प्रथम सुचलें. आणि तीच चूक मीं पक्कड घेऊन नातीच्या बोटावर केली होती.

मग योग्य वाट कोणी दाखविली? शेजारच्या मामींनीं. चेंबुरांत तमिळ कुटुंबांची वस्ती पुष्कळ जुनी आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या येथील फाइन आर्ट्स सोसायटीमुळें कर्नाटक संगीत आम्हां मराठी शेजाऱ्यांच्याही कानांवरून जातें. मामी स्वतः वीणा वाजवितात. त्यांच्या हातीं नखी नाहीं. तर्जनी आणि मध्यमा ह्या दोन उघड्या बोटांनींच त्या तार छेडतात. बोट बरें झाल्यावर नात पुन्हां वाजवूं लागली, तेव्हां त्या सहज येऊन बसल्या. माझें सगळें लक्ष नखीकडे होतें. मामी मात्र मुलीच्या खांद्याकडे आणि कोपराकडे पाहत होत्या. थोड्या वेळानें आपल्या तोडक्या पण गोड मराठींत त्या म्हणाल्या, "हिचा हात रागावला आहे."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दारापुढें कोलम काढतांना त्यांनीं नातीला शेजारीं बसवून घेतलें आणि पिठाची चिमूट तिच्या हातीं दिली. कोलम म्हणजे आपल्या रांगोळीची बहीणच. चिमूट आवळून धरली तर पीठ सुटत नाहीं, आणि रेघ तुटते. सैल सोडली तर ढीग पडतो. धरावयाची ती पीठ सांडूं नये इतकीच, आणि चालवावयाचा तो हात. आमच्या घरांतील बायका हें जन्मभर करीत आल्या आहेत. पण त्याचा सतारीशीं कांहीं संबंध असेल, हें त्यांच्याही मनांत आलें नव्हतें.

आतां नखी फिरते कां, तें पाहूं. सतारीवर "दा" हा बोल बोट तळहाताकडे आंत आणून वाजवितात, आणि "रा" बाहेर नेऊन. दोन्ही वेळां नखी तारेला ढकलते, तशीच तार नखीला उलट ढकलते. टोंक तारेला नुसतें चाटून गेलें तर हा उलट धक्का अगदीं थोडा असतो. पण तेंच टोंक तारेखालीं खोल शिरलें, तर तार त्याला अडवून धरते, आणि धरलेल्या टोंकाभोंवतीं नखी पिळली जाते. नवशिका मनुष्य आवाज मोठा यावा म्हणून टोंक खोल घालतो. नखी फिरते, म्हणून ती आवळतो. आवळल्यानें बोट दुखतें, म्हणून मनगट ताठ करतो. आणि मनगट ताठ झालें कीं टोंक आणखी खोल जातें. एकदां ह्या फेऱ्यांत सांपडलें म्हणजे पक्कड कितीही दाबा, उपयोग नाहीं.

ह्यावर नातीच्या गुरुजींनीं जो उपाय सांगितला तो फार साधा आहे. अंगठा दांडीच्या कडेला जेथें टेकतो तेथून तो हलवावयाचा नाहीं. सगळ्या हाताला तोच आधार. कोपरानें ओढावयाचें नाहीं. हालचाल बोटाची, आणि तिला मनगटाची साथ. मग बाजाच्या तारेवर एकटा "दा", अतिशय सावकाश. प्रत्येक "दा" नंतर हात पूर्ण सैल सोडून पुन्हां दुसरा. आवाज लहान आला तरी चालेल, पण तो स्वच्छ आला पाहिजे. पंधरा दिवस असें केल्यावरच "दा रा", आणि त्यानंतर "दिर". मुलीला कंटाळा आला, आणि खरें सांगावयाचें तर ऐकणाऱ्या आम्हांलाही आला. परंतु नखी फिरावयाची थांबली, आणि ती सुद्धां पूर्वीपेक्षां सैल असून.

सैल म्हणजे लोंबती नव्हे. नखी बोटाच्या पहिल्या सांध्याच्या अलीकडे बसावी, सांध्यावर चढूं नये. टोंक बोटाच्या पुढें फार तर तांदळाच्या दाण्याएवढें यावें, आणि तें तारेशीं तिरपें नसावें. टोंक जितकें लांब, तितका पीळ अधिक. बसविल्यावर हात झटकून पाहावा : नखी जाग्यावर राहिली, आणि बोटाचें अग्र पांढरें वा निळें पडलें नाहीं, तर माप जमलें. प्रारंभीं तारेचा वळ उठतो, थोडें दुखतेंही; घट्टा पडला कीं तें थांबतें. बधिरपणा मात्र निराळा. तो आला तर त्याच क्षणीं नखी काढावी. मुलानें सांगण्याची वाट पाहूं नये, कारण तें बहुधा सांगत नाहीं. दुकानांत एकाच मापाची नखी न घेतां दोन-तीन मापांच्या बोटांत घालून पाहाव्या. लहान बोटाला मोठी नखी आणून ती दाबून बसविणें, हें पायाला मोठा जोडा घेऊन त्यांत बोळे कोंबण्यासारखें आहे.

आणखी दोन कारणें अशीं आहेत कीं तीं कोणाच्या ध्यानींमनीं नसतात. पहिलें, तेल. मींड घेतांना डाव्या हाताचीं बोटें तारेवरून सहज सरकावीं म्हणून वादक तेलाचा बोळा जवळ ठेवतात. तो बोळा आमची नात उजव्या हातानें उचली! तर्जनीला तेल लागलें म्हणजे नखी काय करणार? आतां डबी डाव्या बाजूस असते, आणि बसण्यापूर्वीं उजवा हात साबणानें धुवून पुसण्याचा नियम आहे. दुसरें कारण हवा. उष्म्यानें बोट किंचित् फुगतें, गारव्यानें आक्रसतें. खाडीजवळच्या आमच्या ह्या उपनगरांत मे महिन्याच्या घामांत घट्ट बसणारी नखी वातानुकूलित सभागृहांत गेल्यावर सैल कां होते, ह्याचें उत्तर त्यांत आहे. ज्यांना सभेंत वाजवावयाचें आहे त्यांनीं दोन नख्या न्याव्या, आणि पाळी येण्यापूर्वीं तेथल्या हवेंत थोडा वेळ बसून मगच एक निवडावी. पावसाळ्यांत पोलादी नखी गंजते, ती कोरड्या फडक्यानें पुसून डबींत ठेवावी. टोंकाला खांच पडली असेल तर ती टाकून द्यावी. खांचेंत तार अडकते, आणि मग पुन्हां पीळ बसतो.

नखीसारख्या किरकोळ वस्तूवर इतकें काय लिहावयाचें, असें कोणी म्हणेल. आमची सतार मिरजेची. तेथें एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांस पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा वाद्याला भोपळा कसा, लांकूड कोणतें, ह्याची आपण बारकाईनें चौकशी करितों, हजारों रुपये मोजतों, आणि जिनें तें बोलावयाचें ती नखी दुकानदार देईल ती उचलतों.

सतारीखेरीज इतर वाद्यांविषयीं थोडक्यांत. सरोदाचा जवा बोटांत घालावयाचा नसतो, धरावयाचा असतो. नारळाच्या करवंटीपासून तो घांसून करितात, आणि घामानें सुटूं नये म्हणून कित्येक वादक मागल्या बाजूस मेण लावतात किंवा दोरा गुंडाळतात. मँडोलिन व गिटार ह्यांचा चपटा तुकडा अंगठा आणि तर्जनीची कड ह्यांमध्यें धरितात; पूर्वीं तो कांसवाच्या पाठीचा करीत, पण त्या कांसवांच्या व्यापारावर १९७७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आल्यावर आतां बहुधा प्लॅस्टिकचाच मिळतो. गुळगुळीत वाटल्यास त्याला बारीक कानशीनें खरखरीतपणा आणावा, पण चिमूट आवळूं नये. मँडोलिनवर लांब स्वर टिकवावयाचा तो जलद आघातांनींच, आणि आवळलेल्या हाताला ते साधत नाहींत. संगीतदिग्दर्शक सज्जाद हुसेन ह्यांनीं मँडोलिनवर रागदारी वाजवून दाखविली. त्यांचें बाळपणीचें शिक्षण सतारीचें होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आणि आपला गोंधळी? लांकडाच्या एवढ्याशा काडीनें तो रात्रभर तुणतुणें वाजवितो, तोंडानें गात असतो, पण काडी सुटल्याचें मीं कधीं पाहिलें नाहीं. त्याला ती घट्ट धरण्याचें कोणी शिकविलेलें नसतें.

नात पुढच्या सत्रास परीक्षेला बसली. गतीच्या मध्यावर नखी एकदां किंचित् सरकली. तिनें अंगठ्यानें ती हळूच सारखी केली आणि पुढच्या समेवर लय धरली, असें तिनें घरीं येऊन सांगितलें; आम्ही बाहेर बसलों होतों, आम्हांस कांहीं कळलें नाहीं. चहाच्या पेल्याची हकीकत लिहिणाऱ्या भगिनीनें आपल्या कन्येला हा मजकूर वाचावयास द्यावा, आणि तत्पूर्वीं तिचें बोट स्वतः पाहावें.

माझी जुनी नखी वहिनींच्या फडताळांत सांपडली. ती आतां बोटांत जात नाहीं. नातीनें मला तिच्या गुरुजींकडून दुसरी आणून दिली असून रोज सकाळीं पंधरा मिनिटें माझा "दा" चालतो. सूनबाई त्या वेळीं स्वयंपाकघराचें दार लोटून घेते.

जवारी बिघडल्याविषयीं ज्या वाचकांनीं विचारिलें आहे, त्यांस उत्तर पुढील अंकीं.